मु. पो. जंबुद्वीप

बँकेत खातं उघडायचं तर पत्त्याचा पुरावा लागतो. आमच्या शिक्रापुरात कारखान्यात कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांची इथेच पंचाईत होते. ‘अमक्याची चाळ, तमक्याच्या हॉटेलामागे, नगर रोड’ हा पत्ता जेवणाच्या डबेवाल्याला पुरतो, बँकेला पुरत नाही. मी काउंटरमागे बसून असे शेकडो पत्ते वाचले आहेत. पण पत्ता सांगावा कसा, हे या देशात एकाच माणसाला ठाऊक आहे. ते म्हणजे सत्यनारायणाला येणारे गुरुजी.

पूजेचा संकल्प तुम्ही कधी नीट ऐकलाय? नसेलच. हातात पाणी, फूल आणि अक्षता घेऊन बसलेल्या यजमानाचं सगळं लक्ष पाणी सोवळ्यावर सांडू नये याकडे असतं. आणि नेमक्या त्याच वेळी गुरुजी त्याचा पत्ता देवाला कळवत असतात. आधी काळाचा पत्ता. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, म्हणजे ब्रह्मदेवाने पन्नाशी ओलांडली आहे (हे ऐकून माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाला जरा बरं वाटतं). मग श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग, त्याचाही पहिला चरण. मग जागेचा पत्ता: जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. शिक्रापूर गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे, तेव्हा पत्ता बिनचूक. पिनकोड तेवढा राहिला.

हे सगळं डोक्यात यायला कारण माझा भाचा. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीत आमच्याकडे येताना कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणतो. गेल्या खेपेला उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. आत पहिल्याच पानावर नकाशा. डोंगर, नद्या, जंगलं, राज्यं, सगळं लेखकाच्या मनातलं. मी म्हटलं, “अरे, हा जिल्हा कुठला?”

“मामा, हा जिल्हा नाही, हे आख्खं वेगळं जग आहे. त्याच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे. आपल्याकडे असं कोणी केलंच नाही.”

पुस्तक टॉल्किन यांचं होतं. ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक. त्यांनी १९३७ साली ‘द हॉबिट’ प्रसिद्ध केलं आणि १९५४-५५ मध्ये तीन खंडांची मोठी कथा. त्या जगातल्या देवांची हकिकत त्यांच्या निधनानंतर मुलाने संपादून १९७७ साली काढली. माणूस मोठाच, शंका नाही. पण ‘आपल्याकडे असं कोणी केलंच नाही’ हे वाक्य काही मला पचेना. मी बी.कॉम. असलो तरी मामा आहे. म्हटलं, “बस इथे. तू ज्या जगात राहतोस त्याची आधी ओळख करून देतो.”

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात मैत्रेय ऋषी पराशरांना विचारतात, की ही पृथ्वी आहे तरी केवढी? पराशर आढेवेढे घेत नाहीत. प्रत्येक गोष्टीचा आकडा त्यांच्याजवळ तयार असतो. मला हा माणूस तिथेच आवडला.

मधोमध जंबुद्वीप. गोल, रुंदी एक लाख योजने. त्याच्या मध्यावर मेरू पर्वत, सोन्याचा. उंची ८४ हजार योजने, शिवाय जमिनीखाली १६ हजार. गंमत पुढे आहे. मेरूचा पायथा १६ हजार योजने रुंद आणि माथा ३२ हजार! म्हणजे खाली अरुंद, वर दुप्पट पसरलेला. भाच्याला हे अशक्य वाटलं. मी त्याला गॅलरीत नेऊन समोरच्या इमारती दाखवल्या. तळमजल्यावर मोजून दोन गाळे, आणि वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या निम्म्या रस्त्यावर आलेल्या. मेरूला परवानगी कोणी दिली हे मात्र पुराणात नाही.

जंबु म्हणजे आपलं जांभूळ. या द्वीपात जांभळाचं एक झाड आहे आणि त्याची फळं हत्तीएवढी. ती डोंगरावर पडून फुटतात, रसाची नदी वाहते आणि तिच्या काठची माती त्या रसात भिजून, वाऱ्याने वाळून सोनं होते. त्या सोन्याचं नाव जांबूनद. सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या मनात हे वाचून काय येत असेल? नदीकाठच्या गावात सोन्याला भाव काय असणार, आणि कर्ज काढायला येणार कोण!

जंबुद्वीपाचे नऊ भाग. त्यांना वर्षे म्हणतात. मधलं इलावृत, उत्तरेचं उत्तरकुरू, पूर्वेचं भद्राश्व, पश्चिमेचं केतुमाल वगैरे. आपलं भारतवर्ष सगळ्यांत दक्षिणेला, खाऱ्या समुद्राला लागून. म्हणजे कोपऱ्यातला प्लॉट. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता देव. मेरूच्या माथ्यावर ब्रह्मदेवाची नगरी, १४ हजार योजनांची. हे हेड ऑफिस. भोवती आठ दिशांना आठ दिक्पालांची नगरं, ही विभागीय कार्यालयं. पूर्वेला इंद्र, आग्नेयेला अग्नी, दक्षिणेला यम, नैर्ऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर आणि ईशान्येला ईशान. बदल्या नाहीत. तिजोरी उत्तरेला आणि वसुली दक्षिणेला हीच व्यवस्था कायम. दक्षिणेकडे पाय करून झोपलं की आई ओरडायची, ते या खातेवाटपामुळे.

शिरूर तालुक्याने या खात्यांपैकी वरुणाचा अनुभव पुरेपूर घेतला आहे. वरुण पश्चिमेचा. त्याचे ढग पश्चिमेकडूनच येतात, पण सह्याद्रीवर हात सैल सोडतात, आणि डोंगर ओलांडून आमच्याकडे पोचेपर्यंत खिसा रिकामा. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना कालवा येईस्तोवर आभाळाकडे बघण्याचाच धंदा होता. म्हणून इथल्या माणसाने मेरूवरच्या मंडळींशी कामापुरते संबंध ठेवले आणि खरा व्यवहार जवळच्या देवांशी केला. रांजणगावचा महागणपती, जेजुरीचा खंडोबा, वेशीवरचा मारुती, बांधावरचा म्हसोबा. यांना संकल्पात लांबलचक पत्ता सांगावा लागत नाही. त्यांना आपण घर ठाऊक आहोत.

जंबुद्वीपाभोवती खारा समुद्र, त्याभोवती प्लक्षद्वीप, त्याभोवती उसाच्या रसाचा समुद्र. मग शाल्मल द्वीप आणि सुरेचा समुद्र, कुशद्वीप आणि तुपाचा, क्रौंचद्वीप आणि दह्याचा, शाकद्वीप आणि दुधाचा. शेवटी पुष्करद्वीप आणि त्याभोवती गोड्या पाण्याचा समुद्र. एकाभोवती एक, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयांसारखे. प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट रुंद, आणि समुद्र आपापल्या द्वीपाएवढा.

उसाच्या रसाच्या समुद्रालगत दारूचा समुद्र आहे, हे ऐकून भाचा हसला. मी हसलो नाही. आमचा शिरूर-दौंडचा पट्टा उसाचा. रसापासून मळी आणि मळीपासून पुढचं सगळं किती जवळ असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. पुराणकाराला शेतीचं ज्ञान चांगलं होतं.

पण या समुद्रांचा क्रम मात्र मला छळत राहिला. मीठ, ऊस, सुरा, तूप, दही, दूध, पाणी. हा क्रम लावला कोणी? मग एका लग्नाच्या पंगतीत उजेड पडला. पानात पहिल्यांदा काय वाढतात? मीठ. अगदी वरती, मधोमध. मग गोडधोड, वरणभातावर तूप, शेवटी दहीभात किंवा दूधभात, आणि सगळ्यांत शेवटी हात धुवायला पाणी. सुरा तेवढी आपल्याकडे पंगतीत बसत नाही, ती मांडवामागे असते. पुराणकाराने जग रचलं तेव्हा त्याला बहुधा भूक लागली होती.

आता हिशेब. भारताच्या किनाऱ्यावरून निघालात तर खारा समुद्र एक लाख, मग दोन नि दोन, चार नि चार, आठ नि आठ, सोळा नि सोळा, बत्तीस नि बत्तीस. बेरीज १ कोटी २५ लाख योजने. इथे पुष्करद्वीप लागतं. ते स्वतः ६४ लाख. म्हणजे गोड्या पाण्याच्या काठाला पोचायला १ कोटी ८९ लाख योजनांचा प्रवास. सातही द्वीपं आणि समुद्र धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ५ कोटी ७ लाख. पराशर मात्र पृथ्वीची एकूण बेरीज ५० कोटी सांगतात. उरलेले जवळजवळ ४५ कोटी कुठे गेले? तर पलीकडे सोन्याची निर्मनुष्य भूमी, मग लोकालोक पर्वत, आणि त्यापलीकडे अंधार. आमच्याकडे ताळेबंद जुळला नाही की रात्रीचे नऊ वाजतात. फरकाची रक्कम ‘अंधार’ या नावे टाकायची सोय आम्हाला असती तर बायकापोरांत वेळेवर पोचलो असतो.

असा हिशेब म्हटल्यावर तपासनीस येणारच. पहिला मोठा तपासनीस घरचाच निघाला. भास्कराचार्य. त्यांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ इ. स. ११५० चा. त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. भास्कराचार्य म्हणाले, पृथ्वी गोल आहे, चेंडूसारखी, आणि तिचा घेर ४९६७ योजने. झालं! ४९६७ योजनांच्या गोळ्यावर एक लाख योजनांचं एकटं जंबुद्वीप बसवायचं कसं?

पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे म्हणणाऱ्यांनाही त्यांनी बँकेच्या भाषेत उत्तर दिलं आहे. म्हणजे भाषा त्यांची, पण मला बँकेची वाटली. पृथ्वीला आधार हवा, मग त्या आधाराला आधार हवा, त्यालाही दुसरा हवा. जामीनदाराला जामीनदार, त्याला पुन्हा जामीनदार. कुठेतरी कोणीतरी स्वतःच्या पायावर उभा असलाच पाहिजे, मग ती पृथ्वीच का नसावी?

इतकं रोखठोक बोलणाऱ्या या माणसाने दह्यादुधाच्या समुद्रांचं काय केलं? फाडून टाकले? नाही. खाऱ्या समुद्राच्या उत्तरेचा अर्धा गोल म्हणजे जंबुद्वीप, असं सांगून बाकीची सहा द्वीपं आणि सगळे समुद्र त्यांनी दक्षिणेच्या अर्ध्या गोलात ढकलून दिले. जिथे कोणी जात नाही आणि जिथून कोणी येत नाही. न जुळणारी रक्कम तात्पुरती ज्या खात्यात टाकतात त्याला आम्ही सस्पेन्स म्हणतो. पिढ्यान्पिढ्या पंचांग गोल पृथ्वीवर चाललं आणि संकल्प सपाट पृथ्वीवर. एका घरात दोन वह्या, आणि भांडण नाही.

दुसरा तपासनीस परका होता. मेकॉले. १८३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि २ फेब्रुवारी १८३५ ला त्याने शिक्षणावरचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हे त्याने त्यातच लिहून ठेवलं आहे. काकवीच्या आणि लोण्याच्या समुद्रांचा भूगोल सरकारी पैशाने कशाला शिकवायचा, असा त्याचा सवाल. सवालातला खर्चाचा मुद्दा मी समजू शकतो. पण व्हाउचरवरचा तपशील चुकला आहे. समुद्र काकवीचा नाही, रसाचा आहे. लोण्याचा नाही, तुपाचा आहे. ताजा रस आणि काकवी यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने निदान आमच्या भागात तरी तपासणीला येऊ नये. आणि त्याने सस्पेन्सचं पान पाहिलं, पण शेजारचं भास्कराचार्यांचं पान उलटलंच नाही.

ते पान उलटणारा माणूस मराठीतच लिहीत होता. भोपाळजवळ सीहोरला विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याच्या शाळेतले पंडित सुबाजी बापू. त्यांनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहिला. पुराणांचा भूगोल, सिद्धांतांचा भूगोल आणि कोपर्निकसचा भूगोल शेजारी शेजारी मांडून त्यांनी सांगितलं, की पहिला सोडा, दुसरा आपलाच आहे आणि तो तिसऱ्याकडे घेऊन जातो. त्यावर पुण्यात खळबळ. बाबा जोशी रोडे यांनी १८३७ मध्ये ज्योतिष आणि पुराणं यांत मुळी विरोधच नाही असा ग्रंथ लिहिला. त्याला सुबाजी बापूंनी पुन्हा उत्तर दिलं. दह्याचा समुद्र खरा की खोटा यावर मराठी माणसं ग्रंथ लिहून भांडत होती, आणि तिकडे कलकत्त्यात निकाल आधीच लागून गेला होता. फाइल पुढे सरकल्यावर खुलासा पोचणं ही आपली जुनी परंपरा.

असो. समुद्र खोटे ठरले. पण मला अजूनही हा नकाशा टाकवत नाही, आणि त्याचं कारण श्रद्धा नाही. खोट्या नकाशातून पृथ्वी दिसत नसली तरी नकाशा काढणारा दिसतो. प्लक्षापासून शाकापर्यंतच्या पाच द्वीपांत माणूस ५ हजार वर्षं जगतो. पण तिथेही चार वर्ण आहेतच, फक्त नावं वेगळी. पुराणकाराने समुद्र दारूचा केला, तुपाचा केला, फळं हत्तीएवढी केली, पण वर्ण काही त्याच्याने सुटेनात. सुटले ते एकदम शेवटी, पुष्करद्वीपात. तिथे आयुष्य १० हजार वर्षं. तिथे रोग नाही, शोक नाही. कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. मत्सर नाही, भय नाही. जेवण आपलं आपण समोर येतं. आणि अशा देशाभोवती गोडं पाणी.

म्हणजे बघा, हाताशी होतं ते मीठ त्याने दारात ठेवलं. ऊस नि दारू त्यापलीकडे. तूप, दही, दूध आणखी लांब, कारण ते घरात असतंच असं नाही. आणि सगळ्यांत लांब, १ कोटी २५ लाख योजनांपलीकडे, त्याने दोन गोष्टी ठेवल्या: वरखाली नसलेली माणसं आणि पिण्याजोगं पाणी. दोन्ही एकाच पत्त्यावर. उन्हाळ्यात टँकरमागे पळणाऱ्या बाईला हा क्रम समजावून सांगावा लागणार नाही.

आणि तरीही हाच पुराणकार म्हणतो, की बाकीच्या भूमी भोगण्याच्या, कर्मभूमी फक्त भारतवर्ष. स्वर्गातल्या देवांनाही वाटतं, जन्म घ्यावा तर तिथे. कोपऱ्यातल्या प्लॉटवर! भाच्याने विचारलं, “का पण?” उघड आहे. पुष्करद्वीपात करण्यासारखं काही उरलेलंच नाही. तिथे जायचं म्हणजे पेन्शन. काही बदलायचं असेल तर कामावर इथेच यावं लागतं.

त्या सातव्या समुद्राचं पुराणातलं नाव स्वादूदक. स्वादिष्ट उदक. याचं साधं मराठी करा. चवदार पाणी.

१८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना मोकळे असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तो लागू केला, कागदावर. आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पुढे तळं खासगी आहे म्हणून लोक कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाने १९३७ साली त्यांचा दावा फेटाळला. नोंद अशी रीतसर पूर्ण झाली.

पुराणाच्या हिशेबाने ते पाणी १ कोटी ८९ लाख योजनांवर होतं. पुण्याहून सकाळच्या एसटीने निघून वरंध घाट उतरलं, तर दुपारच्या जेवणाला महाडला पोचता येतं. भाचा म्हणाला, “मग एवढं लांब कसं काय दाखवलं?”

मी म्हटलं, “अंतर बरोबरच आहे रे. ते योजनांत मोजलं, एवढीच काय ती चूक.”